छपरावरचे आकाशदप्तर

क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचे संपूर्ण आकाश एकाच चित्रात सामावून घेणारी आणि गृहस्वामी निद्राधीन असता रात्रभर त्या आकाशाची रोजनिशी लिहिणारी यंत्रणा घरच्या घरी उभारता येते, हे अनेकांना खरे वाटत नाही. रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक, मंद प्रकाशातही चालणारा कॅमेरा, सुमारे 180 अंशांचा आवाका असलेले मत्स्यनेत्री भिंग आणि वर ॲक्रिलिकचा पारदर्शक घुमट, एवढ्या सामग्रीवर काम भागते. पावसाचा बंदोबस्त रबरी कड्यांनी होतो. परंतु हिवाळ्यात पहाटे घुमटावर साचणारे दव सारी चित्रे पुसून टाकते, म्हणून आत लहानशा विद्युत्-रोधकांची (रेझिस्टरांची) माळ बसवून तो भोवतालच्या हवेपेक्षा किंचित उष्ण ठेवण्याची तजवीज, माझ्या मते, महागड्या भिंगाहून अधिक अगत्याची. अंधाऱ्या रात्री वीस-तीस सेकंदांचे एक्स्पोजर पुरते. 14 डिसेंबरच्या सुमारास मिथुन राशीतून येणाऱ्या उल्का तर अशा चित्रांत हमखास सापडतात. दूरदूरच्या दोन ठिकाणांहून एकच अग्निगोल टिपला गेला, तर त्याची उंची व मार्ग त्रिकोणमितीने काढता येतो. 1959 साली चेकोस्लोव्हाकियातील प्रिब्राम येथे पडलेल्या अशनीची सूर्याभोवतीची कक्षा याच रीतीने निश्चित झाली, आणि छायाचित्रांवरून कक्षा ठरलेला तो पहिलाच अशनी होय.