फोटो काढताय? जरा थांबा!

मैत्रिणींनो, गेल्या वर्षी माझ्या सासूबाई गेल्या. भिंतीवर लावायला फोटो शोधू लागलो, तर लग्नामुंजीचे ढीगभर फोटो निघाले. पण सासूबाई कुठे? सगळ्यांच्या मागे, बोटभर उंचीच्या! शेवटी तोच तुकडा मोठा करून घेतला. चेहरा पार पुसट आला. तुमच्याकडे असं होऊ नये, म्हणून या चार गोष्टी.

‘लाँग शॉट’मध्ये माणूस डोक्यापासून पायापर्यंत येतो, भोवतालची जागाही येते. मांडव, नवं घर दाखवायला तो हवाच. ‘मिड शॉट’ कमरेपासून वरचा. त्यात हातातलं काम दिसतं. पोळ्या लाटणारी आई अशीच टिपावी. ‘क्लोज-अप’ म्हणजे नुसता चेहरा. आपण नेमका तोच विसरतो! मात्र मोबाईल अगदी तोंडाशी नेऊ नका, नाक मोठं दिसतं. दोन पावलं मागे राहून थोडं झूम करा.

आता कोन. कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत धरला की चेहरा खरा वाटतो. उभ्यानं, वरून काढलं की बाळ आणखीच बुटकं दिसतं; तेव्हा सरळ खाली बसा. खालून काढलं तर माणूस भारदस्त दिसतो, पण हनुवटीही जाड दिसते, बरं का!

व्हिडिओ घेताना कॅमेरा सारखा फिरवू नका. आधी लांबून, मग मधून, मग जवळून. दर वेळी दहा आकडे मोजेपर्यंत हात स्थिर ठेवा.

‘हे पुरुषांचं काम’ म्हणू नका. होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) साडी नेसून वृत्तपत्रांसाठी फोटो काढत!

आणि हो, कधीतरी कॅमेरा मुलांच्या हाती देऊन तुम्हीही समोर बसा. पदर सावरा, पण स्वयंपाकघरात पळू नका!