ऊसशेतीतील सेन्सर आणि क्लाउड : विजेची बचत कशी कराल?

कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत उसाला पाणी जादा झाले की काय होते, हे वाळवा तालुक्यातील शेतकरी बंधूंना नव्याने सांगायला नको. क्षारपड जमिनी डोळ्यांसमोर आहेत. म्हणून ठिबक संचासोबत ओलावा मोजणारे सेन्सर बसविण्याकडे ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर) परिसरातील बागायतदारांचा कल असणे योग्यच आहे. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात मायक्रोसॉफ्टच्या सहकार्याने २०२४ पासून ऊसशेतीत असे प्रयोग सुरू झाले आहेत.

सेन्सरची माहिती 'क्लाउड'वर जाते. क्लाउड म्हणजे ढग. पण हा ढग आकाशात नसतो. मोठ्या इमारतीत रात्रंदिवस चालणारे हजारो संगणक म्हणजे क्लाउड होय. पुणे व मुंबई येथे अशी केंद्रे आहेत. हे संगणक तापतात, म्हणून त्यांना थंड ठेवण्यासाठीही वीज लागते. २०२४ मध्ये जगातील एकूण विजेपैकी सुमारे १.५ टक्के वीज अशा केंद्रांनी वापरली. या खर्चाचा वाटा वार्षिक शुल्काच्या रूपाने शेवटी आपल्याच खिशातून जातो.

दुधाचे उदाहरण घ्या. प्रत्येक लिटरसाठी आपण शहरात टँकर पाठवत नाही. गावच्या संकलन केंद्रात दूध मोजून, तपासून, एकत्र करून पाठवितो. माहितीचेही तसेच करावे. त्यासाठी पुढील बाबींचा अवलंब करावा.

१) नोंदीतील अंतर : काळ्या जमिनीतील ओलावा दहा-पंधरा मिनिटांत फारसा बदलत नाही. दर १५ मिनिटांनी नोंद पाठविल्यास दिवसाला ९६ निरोप जातात, तासाला एक पाठविल्यास २४. पाणी सुरू असतानाच नोंदी जवळजवळ घ्याव्यात.

२) बदल झाला तरच निरोप : ओलावा ठरावीक मर्यादेबाहेर गेला तरच माहिती पाठवावी. मात्र सेन्सर चालू असल्याचा एक निरोप रोज यावा. सेन्सरची बॅटरी मोजण्यापेक्षा निरोप पाठविण्यातच अधिक खर्च होते. आडसाली उसात पीक १६ ते १८ महिने उभे असते. वाढलेल्या उसात शिरून बॅटरी बदलणे किती जिकिरीचे, हे आपण जाणताच.

३) निर्णय शेतावरच : व्हॉल्व्ह बंद-चालू करण्याचा निर्णय मोटारीच्या खोलीतील नियंत्रकाने घ्यावा. रेंज गेली तरी पाणी वेळेवर बंद झाले पाहिजे. संपूर्ण हंगामाचा हिशेब, हवामान अंदाज व उपग्रह चित्रे एवढ्यासाठीच क्लाउड वापरावा.

४) अँटेना उसाच्या वर : दाट, ओल्या पाल्यातून रेडिओ लहरी क्षीण होतात. निरोप पोहोचला नाही की उपकरण तो पुन्हा पुन्हा पाठवते व बॅटरी उतरते. अँटेना पूर्ण वाढलेल्या उसाच्या उंचीचा विचार करून बसवावी. सौर पॅनेलवरही उसाची सावली येऊ देऊ नये.

५) जुनी माहिती : हंगाम संपल्यावर रोजची सरासरी ठेवून बाकीच्या नोंदी काढून टाकाव्यात. फोटो गरजेपुरतेच व लहान आकाराचे पाठवावेत.

एक गोष्ट मात्र विसरू नये. सेन्सरची वीज अत्यल्प असते. ५ अश्वशक्तीचा पंप तासाला साधारण ४ ते ५ युनिट वीज घेतो. म्हणजे पंपाचे तास कमी झाले तरच खरी बचत झाली. सेन्सर 'ओल आहे' म्हणत असताना सवयीने पाणी सोडले, तर यंत्राचा खर्च वाया गेला आणि जमीनही बिघडली.

खरेदीपूर्वी विक्रेत्यास तीन प्रश्न अवश्य विचारावेत. रेंज नसताना संच चालतो काय? नोंदीतील अंतर आपल्याला बदलता येते काय? एका बॅटरीवर आडसाली उसाचा पूर्ण हंगाम निघतो काय? उत्तरे लेखी घ्यावीत. शक्य असल्यास प्रथम एका एकरावर संच बसवून अनुभव घ्यावा व मगच क्षेत्र वाढवावे.