छोटे विमान आणि वऱ्हाडचे ऊन

१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावर मुंबईहून आलेले प्रवासी विमान उतरले आणि अमरावती-मुंबई नियमित हवाई सेवा सुरू झाली. आगगाडीने ज्या प्रवासाला अख्खी रात्र लागते, त्याला सुरुवातीच्या वेळापत्रकात पावणेदोन तास दिलेले होते. विमान होते ‘अलायन्स एअर’चे, एटीआर-७२ जातीचे, सुमारे सत्तर आसनांचे. त्याच्या दोन्ही पंखांवर पुढच्या बाजूला एकेक मोठा पंखा फिरताना दिसतो.

हे विमान पाहून पुष्कळांच्या मनात एक शंका येते. आता जेटचे युग आले, मग आमच्या नशिबी पंख्याचे विमान का? आत बसून आलेली मंडळी आणखी काही सांगतात. आवाज फार येतो, दुपारी हिसके बसतात, कानांना दडे बसतात, मोठी बॅग डोक्यावरच्या कप्प्यात मावत नाही. या सगळ्या गैरसोयींची कारणे शोधू लागलो, तर ती एकमेकांत गुंतलेली आढळतात, आणि त्यांचा बराचसा धागा जमिनीवरच्या एका साध्या गोष्टीकडे जातो. ती गोष्ट म्हणजे धावपट्टीची लांबी.

धावपट्टी विमान निवडते

विमानाला हवेत उचलणारे बल त्याच्या पंखांवरून वाहणाऱ्या हवेमुळे निर्माण होते. या बलाला आपण ‘उचल’ म्हणू. उचल तीन गोष्टींवर अवलंबून असते : पंखांचे क्षेत्रफळ, हवेची घनता आणि वेगाचा वर्ग. धावपट्टी आखूड असेल तर विमानाला फार वेग घेता येत नाही. मग कमी वेगात पुरेशी उचल मिळवायची, तर वजनाच्या मानाने पंख मोठे हवेत.

एटीआर-७२ नेमके असेच आहे. उड्डाणाच्या वेळी त्याचे वजन जास्तीत जास्त २३,००० किलोग्रॅम असते आणि पंखांचे क्षेत्रफळ ६१ चौरस मीटर. म्हणजे पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ३७५ किलोग्रॅम भार आला. मोठ्या शहरांमध्ये उडणाऱ्या एअरबस ए-३२० विमानात हाच भार ६०० किलोग्रॅमहून अधिक असतो. शिवाय पंखा एका वेळी पुष्कळ हवा मागे ढकलतो, त्यामुळे कमी वेगात त्याचा रेटा जोरदार असतो आणि इंधनही बेताने लागते. छोटी जेट विमानेही असतात. नांदेड, कोल्हापूर यांसारख्या शहरांतून अलीकडच्या वर्षांत एम्ब्राएर बनावटीची जेट विमाने उडाली आहेत. ती अधिक वेगाने व अधिक उंचावरून जातात, पण पूर्ण भार घेऊन उडायला त्यांना जास्त लांब धावपट्टी हवी असते. बेलोऱ्याची धावपट्टी वाढवून १८५० मीटर करण्यात आली, तेव्हा एटीआरची सोय झाली.

उन्हात हवा विरळ होते

आता एक हिशेब करू. समुद्रसपाटीला, १५ अंश सेल्सिअस तापमानात पूर्ण भरलेल्या एटीआर-७२ ला उड्डाणासाठी सुमारे १३०० मीटर धावपट्टी लागते. त्या परिस्थितीत एक घनमीटर हवेचे वस्तुमान १.२२५ किलोग्रॅम असते.

पण वऱ्हाडात १५ अंश तापमान कुठले? मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्याही पुढे जातो. हवा तापली की प्रसरण पावते आणि विरळ होते. त्यातच बेलोरा समुद्रसपाटीपासून सुमारे ३४० मीटर उंच आहे. ही दोन्ही कारणे धरली तर ४५ अंश तापमानात तिथल्या एका घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.०७ किलोग्रॅम भरते, म्हणजे जवळजवळ १३ टक्के कमी. तेवढीच उचल मिळवायला वेग सुमारे ७ टक्के वाढवावा लागतो. धावण्याचे अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्याने ते सुमारे १५ टक्क्यांनी वाढते. १३०० चे झाले १५०० मीटर! शिवाय विरळ हवेत इंजिनाची शक्तीही घटते, ते वेगळेच.

म्हणून अकोल्याचा प्रश्न नीट समजून घ्यावा लागतो. शिवणी येथील विमानतळाची धावपट्टी सुमारे १४०० मीटरची. हिवाळ्याच्या पहाटे जे विमान तिथून कदाचित भरून उडू शकेल, त्यालाच मे महिन्याच्या दुपारी भार उतरवावा लागेल, म्हणजे प्रवासी कमी किंवा सामान कमी. धावपट्टी वाढवण्याची अकोलेकरांची जुनी मागणी आहे, तिच्यामागे हे गणित आहे. २०२५ मध्ये बेलोऱ्याची सेवा सुरू झाली, तेव्हा अकोल्याहून नियमित प्रवासी विमान नव्हते. अकोल्याच्या प्रवाशाला ते पकडायचे, तर आधी सुमारे शंभर किलोमीटर रस्त्याने जाणे भाग होते. विमानातले आसन कितीही मऊ असले, तरी प्रवासाची सोय घराच्या दारापासून मोजावी लागते.

घार जिथे तरंगते, तिथे विमान हलते

उन्हाळ्यात वऱ्हाडची काळी जमीन उघडी पडलेली असते. काळा रंग ऊन भरपूर शोषतो. जमीन तापते, तिच्यावरची हवा तापते आणि हलकी होऊन वर चढू लागते. कुठे नांगरलेले वावर, कुठे गाव, कुठे तलाव, त्यामुळे सगळीकडची हवा सारखी तापत नाही. एका जागी हवा वर जाते, तर शेजारी थंड हवा खाली येते. रस्त्यावर उठणारी वावटळ आणि पंख न हलवता गोल गोल फिरत वर जाणारी घार या वर चढणाऱ्या प्रवाहांचीच साक्ष देतात.

विमान अशा प्रवाहात शिरले की पंखांवरची उचल एकदम वाढते, आणि बाहेर पडले की घटते. तोच हिसका. इथे मोठ्या पंखांची दुसरी बाजू दिसते. ज्या विमानाच्या प्रत्येक चौरस मीटर पंखावर भार कमी, त्याला हवेचा झोत जास्त हलवतो. भरलेली बैलगाडी आणि रिकामी बैलगाडी एकाच खड्ड्यातून गेली, तर अधिक कोणती उडते ते आठवा. एटीआरचा वेग मोठ्या जेटपेक्षा कमी असल्याने हिसका थोडा सौम्य होतो, पण फरक उरतोच. शिवाय जेट ज्या मध्यम उंचीच्या ढगांवरून निघून जाते, त्यांना एटीआरला पुष्कळदा वळसा घालावा लागतो, कारण त्याची कमाल उंची २५,००० फूट, म्हणजे सुमारे ७६०० मीटर आहे.

हे प्रवाह दुपारी सर्वांत जोरदार असतात आणि सकाळी क्षीण. सुरुवातीच्या वेळापत्रकात बेलोऱ्याचे विमान नेमके दुपारनंतर येत-जात असे. तेव्हा एप्रिल-मेमध्ये चढताना व उतरताना हिसके बसले, तर नवल नाही. त्यात घाबरण्याचे कारणही नाही. प्रवासी विमानाची रचना विमानाच्या भाराच्या अडीच पट बल सहज पेलेल अशी करतात आणि त्यावर आणखी दीडपट सुरक्षितता ठेवतात. धोका असतो तो पट्टा न बांधलेल्या माणसाला, कारण विमान खाली जाते तेव्हा तो तिथेच राहतो आणि त्याचे डोके छताला आपटते. म्हणून बसलेले असताना पट्टा बांधलेलाच ठेवावा.

चिखलदऱ्याच्या घाटात आणि विमानात

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना तुमच्या कानांना दडे बसले असतील. विमानातही तेच घडते. समुद्रसपाटीला हवेचा दाब १०१३ मिलिबार असतो. चिखलदऱ्याला, सुमारे १११८ मीटर उंचीवर, तो ८८५ च्या आसपास भरतो. ७६०० मीटर उंचीवर तर तो जेमतेम ३७५ मिलिबार उरतो. अशा हवेत माणूस शुद्धीवर राहणार नाही. म्हणून विमानात हवा भरून आतला दाब वाढवतात. मात्र तो समुद्रसपाटीइतका ठेवत नाहीत, कारण मग आतून पडणारा ताण सोसायला विमानाची भिंत फार जाड आणि जड करावी लागेल. नेहमीच्या उड्डाणात आतला दाब ८००० फुटांवरच्या, म्हणजे सुमारे २४०० मीटर उंचीवरच्या दाबापेक्षा कमी होऊ देत नाहीत.

कानाच्या पडद्यामागे हवेची एक छोटी पोकळी असते आणि ती कंठकर्ण नलिकेने घशाला जोडलेली असते. विमान चढते तेव्हा पोकळीतली हवा प्रसरण पावते आणि नलिकेतून आपोआप बाहेर पडते. उतरताना मात्र बाहेरचा दाब वाढतो, नलिकेचे तोंड मिटते आणि पडदा आत ओढला जातो. म्हणून उतरताना कान जास्त दुखतात. आवंढा गिळला किंवा जांभई दिली की नलिका क्षणभर उघडते आणि दाब सारखा होतो. याकरिता उतरताना झोपू नये, गोळी चघळावी. तान्ह्या मुलाला त्या वेळी पाजावे. सर्दीने नलिका सुजलेली असेल तर कान खूप दुखू शकतो. अशा वेळी प्रवासापूर्वी डॉक्टरांना विचारलेले बरे.

कोणते आसन घ्यावे?

एटीआरच्या पंख्याला सहा पाती असतात आणि उड्डाणाच्या वेळी तो मिनिटाला सुमारे १२०० फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला १२० वेळा एखादे पाते विमानाच्या भिंतीजवळून जाते आणि हवेचा धक्का देते. पुरुषाच्या बोलण्याच्या आवाजाची मूळ कंपनसंख्या साधारण एवढीच असते. असा खर्जातला आवाज पातळ भिंतीला अडत नाही. लांबच्या वरातीतला ढोल घरात ऐकू येतो, पण सनई ऐकू येत नाही, ते याचमुळे. विमान वर गेल्यावर पंख्याचे फेरे सुमारे हजारावर आणतात. कान देऊन ऐका, स्वर उतरलेला स्पष्ट कळतो.

आवाज पंख्यांच्या रेषेत सर्वांत जास्त आणि मागे सर्वांत कमी असतो. पण हिसके पंखांजवळ कमी जाणवतात, कारण विमानाचा गुरुत्वमध्य तिथे असतो. पाळण्याच्या टोकापेक्षा मध्ये बसलेल्याला झोका कमी लागतो, तसेच हे. तेव्हा ज्याला मळमळते त्याने मध्ये बसावे आणि ज्याला शांतता हवी त्याने मागे. एक गोष्ट मात्र जवळजवळ सगळ्यांना मिळते. एटीआरचे पंख छताच्या पातळीवर असल्यामुळे खिडकीतून खालची जमीन दिसते. नद्यांची वळणे आणि वावरांचे चौकोन मोजत जावे.

शेपटीखालचा टेकू

विमान जमिनीवर उभे असतानाही दोन गोष्टी पाहण्यासारख्या असतात. एटीआरमध्ये प्रवासी मागच्या दाराने चढतात. वीस-पंचवीस माणसे मागे गोळा झाली, तर मागच्या चाकांभोवती तरफेसारखे फिरून विमानाचे नाक वर उचलले जाईल. म्हणून शेपटीखाली एक टेकू लावतात. दुसरी गोष्ट अशी, की या विमानात जमिनीवर वीज आणि थंड हवा पुरवणारे वेगळे छोटे इंजिन नसते. त्याऐवजी उजवीकडचे इंजिन चालू ठेवून त्याचा पंखा मात्र अडकवून ठेवण्याची सोय असते. इंजिन घरघरते आहे आणि पंखा स्तब्ध आहे, हे दृश्य म्हणजे बिघाड नव्हे. ४५ अंशांच्या उन्हात आत बसलेल्यांना गारवा देण्याची ती युक्ती आहे.

आता सुरुवातीच्या शंकेकडे वळू. मोठे पंख आखूड धावपट्टीवर उतरू देतात आणि तेच हिसकेही देतात. पंखा कमी इंधनात छोट्या गावाला परवडतो आणि तोच कानाशी घुमतो. एक घेतले की दुसरे आलेच. मुंबईच्या रुग्णालयात निघालेल्या आजाऱ्याला पावणेदोन तासांचा घुमणारा आवाज चालतो, रात्रभराचा प्रवास झेपत नाही. त्याची सोय धावपट्टीच्या त्या वाढीव मीटरांनी केली.

आणि ज्यांना विमान लांब आहे, त्यांच्यासाठी एक प्रयोग. चिखलदऱ्याला गेलात की पाण्याची एक रिकामी प्लास्टिकची बाटली तिथे झाकण घट्ट लावून बंद करा आणि परतवाड्याला उतरल्यावर ती पाहा. ती चेपलेली दिसेल. बाटली किती चेपली, हे पाण्याने मोजता येईल का? विचार करा, आणि मोजून पाहा.