मेंदूतील ताल आणि बेताल

होळीपूर्वी आपल्या भागात भगोरियाचा हाट भरतो. तेथे जो तो आपल्या व्यवहारात गुंतलेला असतो. कोणी मिरची तोलतो, कोणी बांगड्या भरून घेते. दुरून ऐकणारास तो नुसता गलबला वाटतो, परंतु सारे काम त्या गलबल्यातच चाललेले असते. इतक्यात मांदळ घुमू लागतो व सर्वांची पावले एका तालावर पडतात. नाच रंगतो खरा, पण तराजू थांबतात.

मेंदूचेही असेच आहे. मानवी मेंदूतील विद्युत्-लहरींचे आलेख हान्स बर्गर या जर्मन डॉक्टराने १९२९ साली प्रसिद्ध केले. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या मागील भागी सेकंदास ८ ते १३ लहरी संथपणे उमटतात. डोळे उघडताच त्या मावळतात, कारण तेथील पेशी एकताल सोडून आपापल्या कामास लागतात. गाढ झोपेत लहरी याहूनही मंद व मोठ्या होतात. तात्पर्य, मेंदूत एकताल मोडणे हे बहुधा जागृतीचे लक्षण होय.

हृदयाची रीत निराळी. तेथे पेशींनी एकजुटीनेच आकुंचन पावले पाहिजे. खालच्या कप्प्यांतील ही एकजूट फुटली, तर काही मिनिटांत प्राणावर बेतते.

उलट, मेंदूतील पेशींचे मोठे समूह भलत्या वेळी व अतिरेकाने एकताल धरतात, तेव्हा अपस्माराचा, म्हणजे फेफऱ्याचा, झटका येतो. ही बाहेरची बाधा नव्हे आणि कोणाचे पापही नव्हे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी वर्गातील एका मुलास असा झटका आला. मी पदवीधर शिक्षक, तरी घाबरून त्याच्या दातांत चमचा घातला व त्याचा एक दात मोडला. ती चूक आजही मला सलते.

म्हणून सांगतो : रोग्यास कुशीवर वळवावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावे, तोंडात काही घालू नये, कांदा वा जोडा हुंगवू नये. झटका पाच मिनिटांहून अधिक टिकल्यास ताबडतोब दवाखान्यात न्यावे. योग्य औषध नेमाने घेतल्यास दहांपैकी सुमारे सात रोग्यांचे झटके थांबू शकतात.

हिंदू विवाह कायदा व विशेष विवाह कायदा यांतील अपस्माराची आडकाठी १९९९ साली काढून टाकण्यात आली. कायद्याने जे केले, ते आता आपल्या घरांनी करावयाचे आहे. अशा मुलास शाळेतून काढू नका आणि अशा मुलीचे दुखणे लपवून तिचे औषध बंद पाडू नका.