व्हाळातली पाहुणी

फोंडाघाटला एस.टी.तून उतरलं, की माझे पाय व्हाळाकडे वळतात. घरच्या मत्स्यटाकीसाठी इथून पहिल्यांदा क्रिप्टोकोरीन नेली ती मूठभर, मुळांसकट उपटून. आठवड्यात पानं विरघळली. कुजली समजून फेकली. पाणी बदललं की तिची पानं झडतात, मुळं मात्र जिवंत राहून पुन्हा फुटतात, हे उशिरा कळलं. (तोवर किती फेकली, विचारू नका!) पानांवरून खात्रीची ओळखही पटत नाही. नेहमीची ‘स्पायरॅलिस’, की ऑस्ट्रियाच्या शॉट यांनी १८५७ साली नोंदवलेली, कोकणातली दुर्मीळ ‘कॉग्नाटा’, हे फूलच सांगतं. आणि फूल येतं पाऊस सरून पाणी उतरल्यावर. तोवर आता मी हात लावत नाही. नंतरही घेतो बाजूचा एखादाच फुटवा. यंदा पाणी अजून गुडघाभर आहे.