किनवटचा गुलाबी पाषाण

मराठवाडा म्हटलं की डोळ्यांपुढे काळा कातळच येतो. पण किनवट, बिलोली, देगलूरकडे जमिनीतून गुलाबी-करडा ग्रॅनाइट डोकावतो. काळा बेसाल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांचा. हा ग्रॅनाइट अंदाजे 250 कोटी वर्षांचा!

ग्रॅनाइट घडतो तो असा: भूकवचाच्या तळाशी, साधारण 700 अंश सेल्सिअसच्या पुढे, जुने खडक अर्धवट वितळतात. तो रस भोवतालच्या खडकापेक्षा हलका असल्याने भेगांमधून वर चढतो. वाटेत जुन्या खडकाचे तुकडेही गिळतो. पण पृष्ठभागापर्यंत न पोहोचता काही किलोमीटर खोलवरच तो अडतो आणि अतिशय सावकाश थिजतो. म्हणून तर त्याचे स्फटिक इतके टपोरे! ताजा फुटलेला दगड उन्हात फिरवून पाहा: गुलाबी फेल्डस्पार, काचेसारखं क्वार्ट्झ, चकाकणारा काळा अभ्रक. शेवटी उरलेला पाणीदार रस भेगांत शिरून आणखी मोठ्या स्फटिकांच्या शिरा तयार करतो.

वरचे थर झिजले तेव्हा हा खडक उघडा पडला. मग बेसाल्टचा लाव्हा आला आणि त्याच्या बऱ्याच भागावर पसरला. आज किनवट परिसरात दोन्ही खडक भेटतात. मला तर हा भाग भूगोलाच्या कोणत्याही पुस्तकापेक्षा मोलाचा वाटतो. विहीर खोदणाऱ्यांना मात्र फरक लगेच कळतो, कारण अभंग ग्रॅनाइटमध्ये पाणी मुरत नाही. ते भेगांत आणि वरच्या कुजलेल्या मुरमातच सापडतं.