‘सर, कोणती ब्रँच घेऊ?’

यंदा जुलैच्या पहिल्या आठवड्यात धुंदलवाडीकडचा एक मुलगा वडिलांना घेऊन माझ्याकडे आला. सीईटीचा निकाल लागला होता आणि कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरायचा होता. पंचवीस वर्षं मी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला मेकॅनिक्स शिकवलं. निवृत्तीनंतर डहाणूला राहायला आलो, तेव्हापासून पाऊस सुरू झाला की अशी मुलं येतात. डहाणू-तलासरीतली, बरीचशी आश्रमशाळेत शिकलेली, पदवीपर्यंत पोचणारी घरातली पहिलीच. प्रश्न ठरलेला असतो : ‘सर, कोणती ब्रँच घेऊ?’

त्याच्याजवळ वहीच्या पानावर लिहिलेली यादी होती. वर कॉम्प्युटर, मग एआय-डीएस, मग आयटी आणि अगदी तळाशी, पेन्सिलीने, सिव्हिल. कुठल्याशा मार्गदर्शन शिबिरात प्रत्येक शाखेपुढे पगाराचा आकडा लिहून दिला होता. पान उलटंपालटं करून मी वाचत होतो, तोवर वडील म्हणाले, “सर, घराच्या भिंतीला चीर गेलीय, भूकंपाची. ती बुजवायला सिमेंट किती लागंल?”

बाप-लेकाचे हे दोन प्रश्न एकाच खोलीत विचारले गेले, पण त्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे असं दोघांनाही वाटत नव्हतं. माझ्या मते गाडी इथेच अडते. म्हणून या लेखात शाखांची माहिती पगारापासून सुरू न करता या दोन तालुक्यांत नजरेला पडणाऱ्या कामांपासून सुरू करतो. या अंकाच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरीही एखादा नातू किंवा भाची हाच फॉर्म भरत असेल.

आधी थोडा इतिहास. ‘सिव्हिल इंजिनिअर’ या शब्दातला ‘सिव्हिल’ म्हणजे लष्करी नसलेला. अठराव्या शतकापर्यंत इंजिनिअर म्हटलं की किल्ले, खंदक आणि तोफा हेच डोळ्यांपुढे येई. रस्ते, कालवे, दीपगृहं बांधणाऱ्यांनी आपलं वेगळेपण सांगायला हा शब्द घेतला. मराठीत आपण ‘स्थापत्य’ म्हणतो, तेव्हा अर्थाची ही छटा हरवते. पुण्यात १८५४ साली अभियांत्रिकीचा वर्ग निघाला तो सार्वजनिक बांधकाम खात्याला हाताखालची माणसं हवी होती म्हणून. आजचं सीओईपी ते हेच. मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या, त्यांची यंत्रं चालवायला आणि दुरुस्त करायला माणसं लागू लागली आणि १८८७ साली व्हीजेटीआय सुरू झालं. १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू झाला, त्याच्यामागेही कापडगिरण्यांची गरज होती. म्हणजे शाखा काही आकाशातून पडल्या नाहीत. ज्या काळाला जी अडचण आली, तिच्या नावाने एकेक शाखा वेगळी झाली. कॉम्प्युटर ही त्यातली बरीच धाकटी.

आता डहाणूच्या खाडीकडे या. औष्णिक वीज केंद्राची २७५ मीटरची चिमणी इथून दिसते. प्रत्येकी २५० मेगावॉटचे दोन संच १९९०च्या दशकाच्या मध्यात सुरू झाले. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी सांगतो, या एका कुंपणाच्या आत तुमच्या यादीतल्या जवळपास सगळ्या शाखा आहेत. कोळसा जाळून पाण्याची वाफ करणं आणि त्या वाफेने टर्बाइन फिरवणं, हे मेकॅनिकल. टर्बाइनला जोडलेल्या जनित्रातून वीज काढून ती तारांवर चढवणं, हे इलेक्ट्रिकल. बॉयलरमधला दाब आणि तापमान क्षणाक्षणाला मोजून झडपा कमीजास्त करणं, हे इन्स्ट्रुमेंटेशन. ती मोजमापं एका पडद्यावर आणणारी यंत्रणा इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरवाल्यांची. खाडीकाठच्या जमिनीवर एवढी उंच चिमणी उभी ठेवणं, हे सिव्हिल.

राहिली केमिकल, आणि तिची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. वीज केंद्राच्या धुराने चिकूच्या बागांचं काय होईल, ही भीती बागायतदारांना होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाच्या १९९६च्या आदेशावरून डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. कोळशातल्या गंधकापासून होणारा सल्फर डायऑक्साइड धुरातून काढून टाका, असा आग्रह या प्राधिकरणाने धरला. बरीच वर्षं ओढाताण झाली आणि अखेर २००७च्या सुमारास ते संयंत्र बसलं. त्याची रीत ऐकण्यासारखी आहे. समुद्राचं पाणी किंचित अल्कधर्मी असतं. धूर या पाण्याच्या फवाऱ्यातून नेला की सल्फर डायऑक्साइड पाण्यात उतरतो. मग त्या पाण्यात हवा सोडली की त्याचं सल्फेट होतं, आणि सल्फेट समुद्रात मुळातच भरपूर असतं. परत सोडण्याआधी पाण्याची आम्लता ताळ्यावर आणावी लागते. केमिकल इंजिनिअरचं काम म्हणजे हेच : प्रयोगशाळेत पेलाभर पाण्यात जे होतं, ते दिवसरात्र, टनांच्या हिशोबाने, ठरलेल्या खर्चात घडवून आणणं. आणि इथे ते काम निघालं ते एका न्यायालयीन आदेशातून. पगाराच्या तक्त्यात ही वाट कुठेच लिहिलेली नसते.

चिंचणी, वरोर, वाढवणच्या बाजूला गेलात तर घराघरांत डायमेकर सापडतील. सोन्याचांदीच्या दागिन्यांचे साचे पोलादावर कोरणारी ही माणसं. पोलाद मऊ असताना कोरायचं, मग तापवून, विझवून कडक करायचं, पण इतकंही नाही की ठोका बसताच तडकेल. मेकॅनिकल आणि प्रॉडक्शनच्या पुस्तकात ‘हार्डनिंग’ आणि ‘टेंपरिंग’ अशी दोन कोरडी प्रकरणं असतात. तिथला एखादा मुलगा ती पाठ करताना मी पाहिला आहे, आणि त्याचे काका रोज संध्याकाळी तेच करत असतात! कॉलेजात कोणी त्याला हे सांगितलं नव्हतं, आणि त्यालाही ते सांगावंसं वाटलं नव्हतं. घरचं काम म्हणजे अभ्यास नव्हे, हे आपण मुलांना फार लवकर शिकवतो.

आता त्या चिरेकडे येतो.

नोव्हेंबर २०१८पासून धुंदलवाडी आणि आसपासच्या गावांना भूकंपाचे धक्के बसू लागले. हजारो धक्के, बहुतेक लहान. चार रिश्टरच्या पुढचे मोजकेच. पण रात्री-अपरात्री जमिनीतून गडगडाट येई, आणि त्या थंडीत माणसं घराबाहेर, तंबूंत झोपत. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने इथे भूकंपमापक बसवले.

मुलाला मी विचारलं, “घर आधी कसलं होतं?” आजोबांच्या वेळी कुडाचं, कारवीच्या भिंती, वर शेणमातीचा लेप. नंतर विटांचं झालं. मग दोघांना पुढ्यात बसवून कागदावर दाखवलं. जमीन हलते तेव्हा घरावर येणारा जोर घराच्या वजनाच्या पटीत असतो. कुडाची भिंत हलकी आणि लवचीक, ती वाकते आणि परत येते. विटांची भिंत जड, तिला दाब सोसतो, ताण सोसत नाही. चारही भिंती वरच्या बाजूने एकमेकींना बांधलेल्या नसतील, तर प्रत्येक भिंत आपापली डुलते आणि कोपऱ्यात, खिडकीच्या कोनात चीर पडते. म्हणून दारं-खिडक्यांच्या वर, साऱ्या भिंतींवरून सलग फिरणारा सळयांचा काँक्रीट पट्टा घालायचा असतो. घराच्या एकूण खर्चात तो फार महाग नाही. पण तो घालायला सांगणारं कोणीतरी गावात लागतं. म्हणून विटांची घरं वाईट, असंही नाही. कुडाचं घर पावसाला आणि वाळवीला किती टिकतं, हे वडिलांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं आणि त्यांनी ते ऐकवलंही.

मुलगा म्हणाला, “मग हे सगळं सिव्हिलच ना?” नाही. धक्का कुठे झाला, हे कसं कळतं? भूकंपाच्या दोन लाटा निघतात. पहिली सेकंदाला साधारण ६ किलोमीटर वेगाने धावते, दुसरी साधारण साडेतीन. जितकं अंतर लांब, तितकी दुसरी मागे पडते. मागे पडल्याच्या प्रत्येक सेकंदाला साधारण आठ किलोमीटर धरायचे. एका केंद्रावरून फक्त अंतर कळतं, दिशा नाही. तीन केंद्रांवरून तीन वर्तुळं काढली की ती जिथे छेदतात ती जागा. जमिनीचं बारीक थरथरणं विजेच्या संकेतात बदलणारं उपकरण इलेक्ट्रॉनिक्स-इन्स्ट्रुमेंटेशनचं. ट्रकच्या धडधडीतून खरा धक्का वेगळा काढणारी आणि शेकडो नोंदींतून जागा शोधणारी आज्ञावली कॉम्प्युटरवाल्यांची. त्याच्या यादीतली पहिली शाखा आणि शेवटची शाखा एकाच चिरेच्या दोन टोकांना उभ्या होत्या.

एक मात्र मला पटत नाही : ‘कोणतीही शाखा घ्या, सगळं सारखंच.’ सॉफ्टवेअर कंपन्या बहुतेक सगळ्या शाखांच्या मुलांना घेतात, हे खरं. मेकॅनिकल करून प्रोग्रामर झालेले माझे विद्यार्थी डझनाने आहेत. पण उलट रस्ता बंद असतो. जिल्हा परिषदेत किंवा बांधकाम खात्यात स्थापत्याच्या कनिष्ठ अभियंत्याची जागा निघाली, तर कॉम्प्युटरची पदवी चालत नाही. विद्युत पर्यवेक्षकाचा परवाना, बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरची परीक्षा, इमारतीच्या नकाशावर स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून सही, या दारांवर शाखेचं नाव विचारलं जातं. तारापूर-बोईसर, उंबरगाव, वापी, सिल्वासा हा कारखान्यांचा पट्टा इथून रोज येऊन-जाऊन करण्याच्या अंतरावर आहे, आणि तिथे ही कागदपत्रं चालतात. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेणं, ही वाट तर आपल्याकडे उगाचच दुय्यम मानली जाते. हाताने काम केलेला हा मुलगा वर्गात बहुतेक वेळा इतरांपेक्षा ठाम असतो. आणि जात वैधता प्रमाणपत्र! त्याच्यासाठी बारावीच्या निकालाची वाट पाहू नका. शाखा ठरली, पण हा कागद वेळेत आला नाही म्हणून राखीव जागा गेली, असं मी एकाहून अधिक वेळा पाहिलं आहे.

पहिल्या वर्षाची खरी अडचण शाखेची नसतेच. विषय जवळजवळ सगळ्यांना सारखेच असतात : गणित, भौतिक, रसायन, मेकॅनिक्स, ड्रॉइंग, वर्कशॉप. अडतं ते इंग्रजीत. ‘फ्री बॉडी डायग्राम’ म्हटलं की मराठी माध्यमातली मुलं मान खाली घालतात. एकदा मी फळ्यावर ताडावर चढलेला माणूस काढला आणि विचारलं, हा खाली का पडत नाही? मागच्या बाकावरचा एकजण उठला. दोर कुठे ताणतो, पाय खोडाला कसा रेटायचा, पावसात कुठे घसरतो, सगळं त्याने सांगितलं. वजन, ताण, प्रतिक्रिया आणि घर्षण हे चार बाण मी फक्त काढले. त्या सत्रात मेकॅनिक्सला तो पास झाला. गणितात राहिला, पण ते पुढच्या खेपेला निघालं.

या भागात येत्या वीस वर्षांत काय होणार, हा प्रश्न आता टाळता येत नाही. ५०८ किलोमीटरची मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन या दोन्ही तालुक्यांतून जाते. वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४मध्ये मंजुरी दिली, खर्चाचा अंदाज ७६,२२० कोटी रुपये, आणि ऑगस्टअखेर पायाभरणीही झाली. १९९८ साली याच जागेचा बंदराचा प्रस्ताव प्राधिकरणाने नाकारला होता. २०२३ साली त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली. मच्छीमारांचा आणि डायमेकरांचा विरोध त्या पहिल्या प्रस्तावापासून आहे. माझं मन या बाबतीत विरोध करणाऱ्यांकडे झुकतं, हे लपवत नाही. पण माझ्याकडे येणाऱ्या मुलांत दोन्ही बाजूंच्या घरांतली मुलं असतात. बंदर झालं तर तिथे क्रेनचे इलेक्ट्रिशियन, शीतपेट्या सांभाळणारे, कंटेनरचा हिशोब ठेवणारी आज्ञावली चालवणारे लागतील. आणि या मुलांजवळ ती पात्रता नसेल तर त्यांच्या वाट्याला पहारेकऱ्याचं काम येईल. दुसऱ्या बाजूला, भराव घातल्यावर भरतीचा प्रवाह कुठे वळेल, गाळ कुठल्या खाडीत साचेल, याचे जाडजूड इंग्रजी अहवाल जनसुनावणीत टेबलावर येतात. ते वाचून त्यातलं गृहीतक चुकलंय असं आकड्यांनिशी सांगू शकणारा इंजिनिअर किनाऱ्यावरच्या गावांतून किती वेळा उभा राहिला? जमिनीची मोजणी करायला येणाऱ्याच्या हातातला नकाशा उलटा धरलाय की सुलटा, इथपासून सुरुवात आहे.

त्या दिवशी फॉर्म भरायला दोन तास लागले. शेवटी त्याने सिव्हिल वर आणलं नाही. पहिले तीन पर्याय कॉम्प्युटरचेच ठेवले, चौथा-पाचवा सिव्हिल, आणि एआय-डीएस खोडलं. मी काही बोललो नाही. चार वर्षं त्याला काढायची आहेत.

वडिलांना मात्र सांगितलं की चीर सिमेंटने लगेच बुजवू नका. आधी ती वाढतेय का ते पाहा. काचेची पातळ पट्टी चिरेवर आडवी ठेवून दोन्ही टोकं सिमेंटने पक्की चिकटवा आणि बाजूला तारीख लिहा. भिंत सरकली तर काच फुटेल. मुलाने तशा तीन पट्ट्या लावल्या. फोटो पाठवले, तारखा खडूने लिहिलेल्या. सप्टेंबरमध्ये त्याचा फोन आला. चौथा पर्याय लागला होता, वसतिगृहही मिळालं होतं. तीनपैकी दोन काचा शाबूत आहेत. खिडकीखालची फुटली. त्याच्या धाकट्या बहिणीने तिथे नवी लावली आहे.